मिसेस विल्मॉट नावाची वेल

गुंडू रेडकरनं साहेबाची वेल चोरली, हे बहरीनमधल्या हूऱ्यात, आपल्या मराठी वस्तीत, सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणजे, डोळ्यांनी पाहिलेला एकही नव्हता. पण पाहिलेल्याशी आपली घसट आहे असं सांगणारे गल्लोगल्ली होते. कुणी म्हणे, विल्मॉट साहेबाच्या बंगल्यातली ती दुरंगी बोगनवेल त्यानं बायकोच्या लुगड्यात गुंडाळून फाटकाबाहेर काढली. कुणी म्हणे, लुगडं कसलं, भजनाच्या पेटीतून नेली. म्हणून तर मंडळाची पेटी तेव्हापासून काळी चारला घोगरी वाजते. शंभू शिंप्याची आवृत्ती सगळ्यांत जहाल. गिऱ्हाइकाच्या मानेभोवती टेप टाकून, म्हणजे त्याला पळता येऊ नये अशा बेतानं, तो सांगायचा, "नुसती चोरली नाय. निघताना मूळ झाडाच्या बुडात मिठाचं पोतं रिकामं केलं. आता जगात ती वेल एकट्या गुंडूकडं. झिंजमधली नर्सरी काय उगाच उभी राहिली?"

गुंडूच्या कानावर हे जायचंच, आणि तो भडकायचा. पण त्याचं भडकणंही जगावेगळं. 'चोरली' ह्या शब्दावर नाही, 'साहेबाची' ह्या शब्दावर. "चोर म्हणा माका, डाकू म्हणा," तो ओरडायचा, "पण ती वेल साहेबाची म्हणशात तर जीब कापीन!"

आणि घरात, म्हणजे नर्सरीच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत, रत्नाबाई टोप असा आपटायची की बाहेरच्या कबुतरांनी जागा बदलावी. तिचा राग नवऱ्याच्या रागाहून मुरलेला होता. तो चोरीवर नव्हता, साहेबावरही नव्हता. तो गुंडूवर होता. ती वेल कुणाच्या हातची, हे गुंडूनं चार माणसांत, आपल्या तोंडानं एकदा सांगावं, एवढंच तिला हवं होतं. साडी नको, बांगड्या नकोत, वेंगुर्ल्याला घर बांधायला नको. हे एक वाक्य हवं होतं. आणि जगातल्या कुठल्याही विषयावर तास तास बोलू शकणारा हा माणूस नेमकं तेवढं वाक्य सोडून सगळं बोलायचा.

गुंडू वेंगुर्ल्याकडचा, आंब्याची कलमं बांधणाऱ्या घरातला. अशा घरात मुलाला चड्डी घालायच्या आधी एक धडा देतात. कलमाच्या सांध्याखालून जी फूट येते ती खुंटाची, म्हणजे खालच्या रानटी झाडाची. ती दिसली की कापायची. विचारायचं नाही, बघत बसायचं नाही, कारण रानटी फूट जोरात वर जाते आणि कलमाला खाऊन टाकते. गुंडूच्या बापानं हा धडा त्याच्या पाठीवर पक्का केला होता. म्हणून गुंडूचा कोयता नेहमी डोक्याच्या आधी चालायचा. झाडांच्या बाबतीत आणि माणसांच्याही.

तो बहरीनला आला तेव्हा तिथं राज्य शेखांचं होतं, पण हुकूम साहेबांचे चालत. जुफेरच्या बाजूला गोऱ्या अंमलदारांचे बंगले होते आणि प्रत्येक मडमेला त्या खाऱ्या, मचूळ जमिनीत आपलं इंग्लंडमधलं गाव उगवून हवं होतं. एक आली की म्हणायची, गुलाब लाव. तिची बदली झाली की दुसरी यायची आणि म्हणायची, हे गुलाब कुणी लावले, उपट. तिसरीला हिरवळ हवी. म्हणजे माणसांना प्यायला गोडं पाणी डब्यानं यायचं त्या काळात गवताला पाइपानं पाणी. शमाल वारा सुटला की सगळ्या बागेवर वाळूचा थर बसायचा, आणि गुंडू एकेक पान ओल्या फडक्यानं पुसायचा. पानं पुसणारा माळी! वेंगुर्ल्याला कुणाला सांगितलं असतं तर दवाखान्यात नेलं असतं.

राग त्याला तेव्हाही यायचा. पण राग दाखवायची सोय नव्हती, म्हणून त्यानं एक युक्ती काढली होती. कमरेत वाकायचं, तोंडभर हसायचं आणि म्हणायचं, "येस मडम, शिरा पडो तुज्या तोंडार." शेवटी आलेल्या विल्मॉट मडमेला वाटायचं, हा काहीतरी आशीर्वाद असावा. एकदा तिनं आपल्या मैत्रिणीच्या वाढदिवसाला तो म्हणायलाही लावला. गुंडूनं मोठ्या आनंदानं म्हटला.

रत्नाबाई विल्मॉटच्याच बंगल्यात धुणं आणि इस्त्री करायची. साहेबाच्या शर्टांची कॉलर तिच्या हातची असली की सुरीसारखी उभी राहायची. मागच्या अंगणात नोकरांच्या खोल्या होत्या, तिथं तिनं डालड्याच्या मोठ्या डब्यात तुळस लावली होती. डबा गेरूनं रंगवलेला, समोर रोज चार ठिपक्यांची रांगोळी. गावच्या घरातलं तिचं असं तिथं तेवढंच होतं.

एकोणसत्तरच्या तुळशीच्या लग्नाला रत्नाबाईला ऊस मिळाला नाही. तिनं खजुराच्या झावळीचे दोन दांडे उभे केले, आणि सजवायला काय म्हणून बघत असताना धुणं वाळत घालायच्या भिंतीवरच्या जुन्या जांभळ्या बोगनवेलीकडं तिचं लक्ष गेलं. तिच्या एका फांदीला भलताच रंग आला होता. अर्धं फूल पांढरं, अर्धं कुंकवात हळद सांडल्यासारखं. पानांवरही पांढरे पट्टे. रत्नाबाईला ती फार आवडली. तिनं एक काडी तोडली, तुळशीच्या डोक्यावर मुंडावळीसारखी बांधली आणि लग्न लावलं. गुंडूनं अक्षता टाकल्या, लाह्या खाल्ल्या, काडीकडं बघितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी निर्माल्य समुद्रात सोडायला जायचं होतं. पण साहेबाकडं पार्टी निघाली आणि टेबलावरच्या चादरींचा ढीग रत्नाबाईच्या पुढ्यात पडला. निर्माल्य पायदळी येऊ द्यायचं नाही, कचऱ्यात टाकायचं नाही. फुलं तिनं पुडीत बांधून ठेवली. काडी अजून हिरवी होती, म्हणून ती तुळशीच्याच डब्यात कडेला खोचली. तुळशीला रोज पाणी मिळायचं, काडीलाही मिळालं.

त्याच आठवड्यात गुंडूची नजर भिंतीवरच्या त्या फांदीवर पडली. वेगळा रंग! पानांवर चट्टे! बापाचा हात पाठीवर जागा झाला. कोयता काढला, फांदी बुडापासून उडवली, वर तिथं डांबर फासलं आणि फांदी पालापाचोळ्यात जाळली. संध्याकाळी जेवताना त्यानं सांगितलंसुद्धा, "त्या बोगनवेलीक रानटी फूट इलेली. वेळेर बघितलंय म्हणान, नायतर अख्खी वेल गेली असती."

"ती?" रत्नाबाई म्हणाली. "किती बरी दिसा होती."

"तुका काय कळता झाडातला? तू कॉलरी बघ."

तिनं कॉलरी बघितल्या. डब्यातल्या काडीबद्दल ती बोलली नाही.

पुढच्या थंडीत त्या काडीची हातभर वेल झाली आणि फुलली. तुळशीच्या काळपट हिरव्यावर ते कुंकू-हळदीचे झुबके असे दिसायचे की शेजारचा स्वयंपाकी पोळ्या करपवून बघत बसायचा. गुंडूनं पाहिलं तेव्हा तो कितीतरी वेळ डब्यासमोर उकिडवा बसून राहिला. आपण काय जाळलं ते त्याला त्या क्षणी कळलं. कळल्यावर माणसानं काय म्हणावं? "चुकलंय," म्हणावं. गुंडू उठला आणि म्हणाला, "हेका पाणी जास्ती घालतंस तू."

मग एके सकाळी विल्मॉट मडम मागच्या अंगणात आली. आली होती एका टेबलक्लॉथवरच्या डागाचा जाब विचारायला. डब्यापुढं थबकली. "ओ!" म्हणाली. मग आणखी एकदा "ओ!" आणि विचारलं, हे कुणी केलं?

रत्नाबाईच्या हातात पिळलेली चादर होती. इंग्रजी तिला येत नव्हतं, पण एवढा प्रश्न कुत्र्यामांजरालाही कळला असता. तिनं तोंड उघडलं. तेवढ्यात हिरवळीवरून गुंडू धावत आला, फेटा सावरत, आणि छातीवर हात ठेवून म्हणाला, "मी, मडम."

मडमेनं त्याची पाठ थोपटली. मग डब्याकडं बोट करून म्हणाली, हा घाणेरडा डबा नको, चांगल्या कुंडीत लाव, आणि ते तण काढून टाक.

तण म्हणजे तुळस.

रत्नाबाईनं गुंडूकडं पाहिलं. गुंडूनं रत्नाबाईकडं पाहिलं नाही. तो वाकला, तोंडभर हसला, "येस मडम" म्हणाला आणि तुळस मुळासकट उपटली. त्या दिवशी शिव्याही घातल्या नाहीत. आशेनं त्याची जीभ गोड झाली होती. चादर हातातून पडली ती रत्नाबाईनं पुन्हा धुतली. त्या दिवशी आणि पुढं कितीतरी दिवस ती नवऱ्याशी फक्त भाताबद्दल बोलली: वाढू का, पुरे का.

गोऱ्या लोकांचं फुलांचं प्रदर्शन असायचं. मडमेनं ती कुंडी तिथं नेली, चांदीचा कप मिळवला, आणि वेलीला नाव दिलं 'मिसेस विल्मॉट'. गुंडू कुंडी उचलून नेणाऱ्यांत होता आणि कुंडी उचलून आणणाऱ्यांत होता. मधल्या काळात त्याला बाहेर मोटारींपाशी उभं केलं होतं. मडम परत येताना म्हणाली, आपण जिंकलो, गुंडू! 'आपण' म्हणाली आणि कप आपल्या मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसली.

तो दिवस आणि पुढचा जन्म, गुंडू पेटलेलाच राहिला.

"माझी वेल!" तो खोलीत येरझारा घालत ओरडला. "माझ्या हातची! आणि नाव त्या भवानीचा!"

रत्नाबाई इस्त्रीतले निखारे फुंकत होती. "तुमी म्हटलात 'मी'," ती म्हणाली. "तिना पण म्हटल्यान 'मी'. फरक काय झालो?"

गुंडूनं पायातली चप्पल काढून भिंतीवर मारली. भिंतीनं काही उत्तर दिलं नाही, म्हणून दुसरीही मारली.

एकाहत्तर साली साहेब लोकांनी गाशा गुंडाळला. विल्मॉटचं सामान खोक्यांत भरताना गुंडू आणि रत्नाबाई घामानं निथळत होती. मडमेनं चांदीचा कप दोनदा कागदात गुंडाळला. वेलीचं काय, म्हणून गुंडूनं विचारलं, तर म्हणाली, अरे, हवं ते घे, आमच्याकडं थंडीत ती मरेल. म्हणजे कप जिंकण्यापुरती वेल तिची. गुंडूनं आधीच वीसेक काड्या लावून ठेवल्या होत्या, त्या घेतल्या आणि फाटकातून उजळ माथ्यानं, हातगाडीवर घालून, शिपायाला सलाम ठोकून बाहेर पडला. लुगडं नाही आणि पेटी नाही.

झिंजला तेव्हा खजुराच्या बागा होत्या, पाटानं पाणी खेळायचं. त्यातल्या एका बागेचा मालक नजीब. हा आळशी, देखणा आणि हसरा माणूस. कागदोपत्री गुंडूचा कफील, म्हणजे परक्या कामगाराचा जामीनदार, प्रत्यक्षात गुंडूच्या रागाचा शौकीन. बागेचा एक कोपरा त्यानं नर्सरीला दिला. दुपारी खाटेवर पडून तो मुद्दाम आपल्या अरबी-हिंदीत विचारायचा, "या गुंडू, मिसेस विल्मॉट किधर?" आणि गुंडू पाइप टाकून उभा राहायचा, "मफी मिसेस विल्मॉट! नाय ती! खलास मिसेस विल्मॉट!" नजीब पोट धरून हसायचा. त्याची आई झोहरा मात्र रत्नाबाईच्या नव्या तुळशीपाशी येऊन बसायची. त्यांच्याकडं बायका केसांत मश्मूम माळतात, तसाच सुवासाचा पाला. तुळस ही मश्मूमची बहीणच, असं तिचं मत होतं, आणि ती मंजिरी तोडताना विचारून तोडायची. रत्नाबाईला ह्या विचारण्याचं फार अप्रूप होतं. तिला बाकी कुणी काही विचारत नव्हतं.

तेलाचा पैसा आला आणि रिफाला बंगले उठले. ज्याला त्याला बाग हवी झाली. गुंडूची कलमं, गुंडूचा मोगरा, गुंडूची कण्हेर. गाडी पाठवून माणसं बोलवायची. आणि सगळ्यांना ती दुरंगी वेल हवी असायची, आणि सगळे मागताना तेच नाव घ्यायचे. आपली माणसंसुद्धा! उल्काताई, म्हणजे पुण्याच्या, बँकेतल्या साहेबांच्या मिसेस, एकदा उंची चपला खतात रुतवत आल्या.

"काका, मिसेस विल्मॉट आहे का हो तुमच्याकडे?"

"मिस्टरबरोबर गेली," गुंडू म्हणाला. "हय काय तिची खाट घातलीहा?"

"अहो, ती वेल हो. बोगनवेल. आणि एक तुळस द्या. तुळशीचे पैसे मात्र देणार नाही हं, तुळस विकत घ्यायची नसते."

"मग घेव नका."

"आणि कढीपत्ता?"

"तो पण विकत घेवचो नसता?"

उल्काताई हसल्या, फिरल्या, वास घेतले, किंमत विचारली, जास्त आहे म्हणाल्या आणि निघाल्या. फाटकापाशी रत्नाबाईनं त्यांची पर्स धरली. पर्समधून दुरंगी वेलीच्या दोन काड्या बाहेर डोकावत होत्या.

"अहो, चोरून आणलेलं रोप पटकन लागतं," उल्काताई लाल होऊन म्हणाल्या. "आमची आईच सांगायची."

गुंडूचा असा स्फोट झाला की नजीब खाटेवर उठून बसला. "चोऱ्येची लागता? गोरी येता ती माझी वेल नेता, घोवाचा नाव लावन! काळी येता ती पर्सीत घालता! सगळ्यांका माझीच वेल गावता चोरूक?"

रत्नाबाई काड्या हातात घेऊन उभी होती. 'माझीच' हा शब्द तिनं ऐकला. तिनं त्या दोन्ही काड्या उल्काताईंच्या पर्समध्ये परत ठेवल्या, पर्स बंद केली आणि म्हणाली, "न्या. एक डोळो मातयेत जाव दे, दोन वर. पाणी बेतान. आणि कोणी इचारल्यान तर सांगा, रत्नाबायन दिल्यान."

उल्काताईंनी अर्थातच तसं सांगितलं नाही. त्यांनी सांगितलं की माळी भयंकर आहे आणि वेल नक्की चोरीची असणार, नाहीतर इतकं चिडायचं कारण काय? शंभू शिंप्याच्या दुकानात ब्लाउज टाकताना त्यांनी हे सांगितलं, आणि शंभूनं पुढचं सगळं शिवून काढलं.

मग गुंडूनं वेलीचं नाव बदलायचं ठरवलं. पत्र्याच्या पाटीवर रंगवून आणलं: 'गुंडू स्पेशल'.

रत्नाबाईनं पाटी वाचली. "भजी काय ती?"

"मगे काय नाव घालू? तुजा?"

"कित्याक नको?"

गुंडू हसला. हे त्याचं सगळ्यांत मोठं चुकलं. तो रागावला असता तर तिनं सोसलं असतं. रागाची तिला सवय होती. तो हसला, आणि वर म्हणाला, "लोका काय म्हणतली? धोबणीन वेल काढल्यान?"

रत्नाबाईनं त्या रात्रीपासून नर्सरीतल्या दुरंगी वेलींना पाणी घालणं बंद केलं. बाकी सगळ्या झाडांना घालायची, एवढी रांग सोडून. "जेची हा तेणा घालूचा," म्हणायची. गुंडू दात खात स्वतः घालायचा. नजीबला ह्यात जी गंमत वाटली ती त्यानं पुढं सगळ्या झिंजला वाटली.

पंच्याऐंशीच्या जानेवारीत मंडळाचे सेक्रेटरी दत्तप्रसाद नर्सरीत आले. इंजिनियर, पुण्याचे, आवाज भाषणाचा. त्यांनी कुठूनतरी निम्मी गोष्ट ऐकली होती आणि ती ऐकून त्यांचं रक्त सळसळलं होतं. एक मराठी माळी निर्माण करतो आणि इंग्रज बाई कप घेऊन जाते! हा अन्याय आहे! शुक्रवारी हूऱ्यातल्या हॉटेलच्या हॉलमध्ये हळदीकुंकू आणि संमेलन आहे, तिथं गुंडूकाकांचा सत्कार करायचा, शाल-श्रीफळ द्यायचं आणि वेलीला जाहीरपणे 'रेडकर' हे नाव द्यायचं.

गुंडूच्या डोळ्यांत पाणी आलं. रागाशिवाय दुसऱ्या कशानं आलेलं ते रत्नाबाईनं पहिल्यांदाच पाहिलं.

शुक्रवारी सकाळी त्याच्या सफारीला इस्त्री करताना ती म्हणाली, "रेडकर तर मिया पण आसंय. नाव तसाच रवांदे. पण थय उभे रवलास की एकदा सांगा, काडी कोणाची ती."

"सांगतंय."

"माझ्या डोळ्यांत बघून बोला."

"सांगतंय म्हटलंय मां! उशीर होता."

हॉल भरला होता. पुढं बायका, वाणाच्या पिशव्या मांडीवर, मागं पुरुष, कडेला इंग्रजी बोलणारी पोरं. स्टेजवर वेलीची कुंडी, तिला रिबन. दत्तप्रसादांनी इंग्रजांना असं झोडपलं की एखादा असता तर बिचाऱ्यानं कपाची किंमत काढून दिली असती. मग माइक गुंडूपुढं धरून त्यांनी विचारलं, "काका, ही वेल तुम्हांला गवसली तरी कशी?"

गुंडूनं घसा खाकरला. रत्नाबाई दुसऱ्या रांगेत होती, हळदीकुंकवाचं तबक हातात.

"एक दिवस पाणी घालताना माका एक फांदी दिसली," गुंडू म्हणाला. "रंग येगळो. दुसऱ्यान कापून टाकली असती. पण मिया म्हटलंय, नाय. ह्या काय तरी देवाचा देणा. हेका जपूक व्हया. म्हणान मिया ती जपलंय."

टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांत रत्नाबाई उभी राहिली.

"जपलात?" ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण धुण्याच्या दगडावर कापड आपटावं तसा होता. टाळ्या थांबल्या. "कोयत्यान जपलात? वर डांबर लावन जपलात? आणि जाळलात ती कित्याक, थंड वाजा होती तिका?"

"रत्ना, खाली बस."

"आणि तुळस कोणी उपटल्यान ता पण सांगा. मडमेन सांगल्यान म्हणान. हसत हसत. सांगा."

"खाली बस म्हणतंय मिया!"

"तुमी सांगल्याशिवाय नाय बसणय."

दत्तप्रसाद माइक बाजूला घ्यायला लागले. गुंडूनं तो हिसकावला. त्याच्या मानेच्या शिरा दोरखंडासारख्या फुगल्या होत्या. आणि मग जे वाक्य त्या माणसाच्या तोंडून विनवून निघालं नाही, अबोल्यानं निघालं नाही, पाणी तोडून निघालं नाही, ते रागानं निघालं, सगळ्या हॉलच्या कानठळ्या बसवत.

"कापलंय! व्हय, मियाच कापलंय! खुंटाची फूट म्हणान कापलंय आणि जाळलंय! तुळस पण मियाच उपटलंय! डोळे फुटले होते माझे! तुजी काडी, तुजो डबो, तुजी वेल! मडम इली आणि मिया खोटा बोललंय! झाला तुजा समाधान? बस आता खाली!"

पोरांपैकी कुणीतरी इंग्रजीत विचारलं, काय झालं, आणि त्याच्या आईनं त्याच्या तोंडात तिळगूळ कोंबला.

रत्नाबाईनं तबक शेजारणीच्या मांडीवर ठेवलं. "बसणय नाय," ती म्हणाली. "घराक जातंय."

दत्तप्रसाद शाल घेऊन तिच्या मागं धावले. "काकू, काकू, खरं तर ही शाल तुम्हांलाच..."

"तेंकाच द्या," ती वळून म्हणाली. "घाम पुसूक लागतली."

सत्कार तिथंच संपला. वेलीला नाव कुणी दिलं नाही. रिबन तशीच राहिली. गुंडू श्रीफळ घेऊन चालत झिंजला आला, वाटेत तीन माणसांशी भांडला. घरी आल्यावर त्यानं 'गुंडू स्पेशल'ची पाटी उपटून नजीबच्या खाटेखाली फेकली. दुसऱ्या दिवसापासून कुणी ती वेल मागितली की तो अंगठ्यानं मागं दाखवायचा, "तिका इचारा. तिची हा." ते इतक्या तुसडेपणानं म्हणायचा की गिऱ्हाइकाला वाटावं, बायकोनं ह्याचं काहीतरी लुबाडलंय.

रत्नाबाईनं त्या रांगेला पुन्हा पाणी घालायला सुरुवात केली. राग गेला का? छे. माइकवर ओरडून दिलेला कबुलीजबाब आणि सरळ सांगितलेली गोष्ट ह्यांतला फरक तिला चांगला कळत होता. पण झाडांचा त्यात दोष नव्हता.

हूऱ्यात मात्र काही बदललं नाही. शंभू शिंपी म्हणाला, नवराबायकोनं मिळून केलेलं नाटक ते, चोरी झाकायला. लोकांना ते पटलं, कारण मिठाचं पोतं निर्माल्याच्या काडीपेक्षा सांगायला बरं.

वेल कुणी चोरली नाही आणि मीठ कुणी घातलं नाही. फांदी गुंडूनं रानटी समजून जाळली, आणि त्याआधी तोडलेली तिची एक काडी रत्नाबाईनं तुळशीच्या डब्यात खोचली होती, ती जगली. बंगल्यातलं झाड साहेब गेल्यावर पाण्यावाचून मेलं.